पाठीमागचं आभाळ

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. सूर्य मावळत असताना तुम्ही कधी त्याच्याकडे पाठ करून बसला आहात?

आम्हा गोंयकारांना हा प्रश्नच मुळात खुळचट वाटेल. सूर्य मावळतो तो दर्यात आणि दर्या पश्चिमेला. माझं घर मांद्र्याचं. तिन्हीसांजेला जुनसवाड्याच्या वाळूत जाऊन बसलं की तोंड आपसूक पश्चिमेला होतं. पूर्वेला काय, माडांच्या झावळ्या, त्यामागे डोंगर आणि "दिव्याची वेळ झाली" म्हणून हाका मारणारी आई. पूर्व सकाळची आणि पश्चिम संध्याकाळची, अशी दिशांची वाटणी लहानपणीच होऊन गेलेली. त्यात मी बत्तीस वर्षं उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. 'आकाश निळे का दिसते?' या प्रश्नाचं उत्तर किती वेळा फळ्यावर लिहून दिलं याची मोजदाद नाही. पण मावळतीच्या वेळी मागे वळून बघावं, हे शहाणपण मला साठी उलटल्यावर सुचलं. तेही दर्यापासून शेकडो किलोमीटर आत, इंदूरला, माझ्या आतेच्या गच्चीवर.

आते लग्न होऊन इंदूरला गेली ती १९६८ साली. गोवा मुक्त होऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. इंदूर म्हणजे दिल्लीच्या वाटेवर कुठेतरी, एवढीच आमच्या गावच्या लोकांची कल्पना. प्रत्यक्षात होळकरांच्या अमदानीपासून तिथे मराठी माणूस असा रुजला आहे की रामबाग, नारायण बाग या भागांतून हिंडताना आपण पुण्याच्या एखाद्या जुन्या पेठेत आहोत असं वाटावं. आतेचं सासर रामबागेतलं. सकाळी पोह्यांवर सेव नि जिरावण भुरभुरून सोबत जिलेबी खाणारं, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारं आणि पुन्हा कधी मराठीत आलं ते न कळणारं घर. आते त्यात साखरेसारखी विरघळली. एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. कोकणी मात्र तिने दोनच प्रसंगांसाठी राखून ठेवली, एक राग आणि दुसरा आनंद.

तिचं जमलं नाही ते तिथल्या आभाळाशी. सुरुवातीच्या पत्रांतही एखादी ओळ असायचीच. "इथे सगळं आहे, पण आभाळ म्हणावं असं आभाळ नाही." पुढे पत्रं संपली, फोन आले, पण तक्रार तीच. आतोबा गेल्यावर तर ती वाढतच गेली. गेल्या पाच-सहा वर्षांत ती म्हणायची, "बाबू, आभाळ पिवळं पडलंय इथलं. पातळ चहासारखं. मला मांद्र्याला घेऊन चल. डोळे मिटायच्या आधी निळं आभाळ बघू दे एकदा."

असं कोणी म्हटल्यावर काय करायचं? आम्ही पडवीलगतची खोली रिकामी केली, चुना मारला, खिडकी दुरुस्त करून घेतली. आतेभावाचा विरोध नव्हता, पण त्याचा आवाज पडलेला होता. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा संसार एका आभाळापायी उठवायचा, हे त्याला गिळवत नव्हतं. गेल्या कार्तिकात, दिवाळी आटोपून आठवडा झाला होता, तेव्हा मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस धरून मी निघालो तो तिला न्यायलाच.

पोचलो तर घरात वेगळीच गडबड. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आई निळी साडी काळी म्हणून बाजूला ठेवतात. मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवा उजव्याचं ऑपरेशन आहे." आते फणकारली. "डोळ्यांचं कौतुक पुरे. आभाळ बिघडलंय, डोळे नव्हेत."

दोन दिवस हातात होते. आतेने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत जलरंगातली लहान लहान चित्रं, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची. दर वर्षी कार्तिकात, पावसाळा सरून हवा निवळली की गच्चीवरून दिसणाऱ्या संध्याकाळचं एक चित्र काढायचं आणि मागे तारीख घालायची, असा तिचा नेम. ही खोड इंदूरच्या मातीतलीच म्हणायला हवी. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली तिथे चित्रकलेची शाळा काढली आणि मुलांना उघड्यावर नेऊन निसर्गचित्रं काढायची सवय लावली. नारायण श्रीधर बेंद्रे त्याच शाळेचे, जन्माने इंदूरचे. मकबूल फिदा हुसेनही लहानपणी इंदुरात वाढले आणि काही काळ त्याच शाळेत शिकले. आते तिथे पोचली तोवर हे सगळे केव्हाच शहर सोडून गेले होते. पण चित्र काढायचं तर बाहेर जाऊन, समोरचा उजेड बघून काढायचं, हा त्यांचा धडा तिथल्या चित्रकलेच्या शिक्षकांत टिकून होता.

ती चित्रं मी सालवार जमिनीवर मांडली आणि थक्क झालो. जुन्या चित्रांतलं आभाळ चक्क निळं! तिने कधी कबूल न केलेलं निळं. पुढे ते हळूहळू फिकं होत जातं, मग त्यात मातकट छटा येते आणि शेवटच्या सात-आठ चित्रांत तर सरळ पिवळं-तपकिरी.

माझ्यातला मास्तर जागा झाला. ग्रीसचे क्रिस्तोस झेरेफोस आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली असंच एक काम प्रसिद्ध केलं होतं. इ. स. १५०० ते १९०० या काळात रंगवलेल्या पाचशेहून अधिक चित्रांतले सूर्यास्त त्यांनी तपासले. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकानंतरच्या वर्षांत चित्रकारांनी सूर्यास्त जास्त लाल रंगवले होते, असं त्यांना आढळलं. म्हणजे चित्रकाराच्या नकळत चित्रात त्या वेळच्या हवेची नोंद राहते. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हा त्याची राख आणि वायू वर चढून जगभर पसरले. सप्टेंबरात मद्रासेला लोकांनी हिरवट सूर्य बघितला आणि तिथल्या वेधशाळेने त्याची नोंद ठेवली. मला वाटलं, आतेच्या पेटीत इंदूरच्या हवेचा पन्नास वर्षांचा दाखलाच पडून आहे! शहर वाढलं, गाड्या वाढल्या, आभाळ पिवळं झालं. आतेचं खरं होतं. खोलीला चुना मारला ते बरंच केलं.

इथे थोडं शास्त्र सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. घाबरू नका, परीक्षा नाही.

सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. हवेचे रेणू प्रकाशलहरींच्या मानाने अतिशय लहान, आणि इतके लहान कण आखूड लहरी जास्त उधळतात. १८७१ साली लॉर्ड रॅले यांनी त्याचा हिशोब मांडला. लाल रंगाच्या ७०० नॅनोमीटरच्या लहरीपेक्षा निळ्या रंगाची ४५० नॅनोमीटरची लहर जवळजवळ सहापट उधळली जाते. ते उधळलेलं निळं चहूबाजूंनी आपल्या डोळ्यांत येतं, त्यालाच आपण आभाळ म्हणतो. संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचे किरण डोक्यावर असतानाच्या तुलनेत सुमारे चाळीसपट जाडीची हवा ओलांडून येतात. वाटेत निळं सांडून जातं, आपल्यापर्यंत पोचतं ते तांबडं-नारिंगी. 'तांबडं फुटलं' म्हणणाऱ्या आमच्या आजीला रॅले ठाऊक नव्हते, पण निरीक्षण तेच होतं.

मात्र हवेत नुसते रेणू नसतात. धूळ, धूर, मिठाचे कण, पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. हे कण मोठे, त्यामुळे ते सगळेच रंग जवळपास सारखे उधळतात आणि आभाळात दूध ओतल्यासारखं होतं. आपल्या किनाऱ्यावर दर्याच्या फवाऱ्यातून आलेले मिठाचे कण दमट हवेत पाणी पिऊन फुगतात. म्हणून गोव्यातलं दुपारचं क्षितिज बहुतेक वेळा पांढुरकं असतं. आपण ते बघत नाही, हे सोडा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. हवेचा सुमारे सहा टक्के भाग पायाखालीच राहिलेला. पावसाने धुतलेली कोरडी हवा असेल तर कार्तिकात तिथला माथ्यावरचा निळा रंग आमच्यापेक्षा गडद असायला हवा. हे मला फळ्यावर सिद्ध करता आलं असतं, पण आते तिथे राहते आणि ती नाही म्हणते, तर आपण कोण?

आणखी एक गैरसमज. प्रदूषणाने सूर्यास्त रंगतदार होतो असं लोक म्हणतात. जमिनीलगतचा धूर नि धूळ रंग वाढवत नाहीत, मळवतात. क्राकाटोआसारखी गोष्ट वेगळी, तिथे बारीक कण फार उंच, वाऱ्यापावसाच्या वर जाऊन महिनोन् महिने राहतात. गोरज मुहूर्त हा शब्दच बघा ना. घरी परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीवरून आपल्या लोकांनी वेळेला नाव दिलं. धूळ मोजकी असली की तिचं सोनं होतं, फार झाली की चिखल.

तर ऑपरेशन झालं. वीसएक मिनिटांचं काम. गढूळ झालेलं भिंग काढून नवं पारदर्शक भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. औषधाचे थेंब, काळा गॉगल आणि ताकीद, सूर्याकडे बघायचं नाही, झगझगीत उजेड टाळायचा. पाचव्या दिवशी आते हट्टाला पेटली. गच्चीवर जायचंच. मग तह झाला. खुर्ची मावळतीला पाठ करून ठेवायची आणि सूर्य बुडाल्याखेरीज गॉगल काढायचा नाही.

म्हणून आम्ही दोघं पूर्वेकडे तोंड करून बसलो. माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. वहिनींनी मोबाईलवर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावून दिला होता. संधिप्रकाशातला राग, आणि गाणारा घराण्यासकट इंदूरचा. आतेच्या घरात तिन्हीसांजेला तो लागायचाच.

सूर्य मागे बुडाला आणि समोर, पूर्वेच्या क्षितिजावर, एक निळसर करडा पट्टा वर येताना दिसला. मला आधी वाटलं धूर असेल. पण त्याची कड सरळ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिच्यावर गुलाबी रंगाची रुंद किनार. पट्टा हळूहळू चढत होता, गुलाबी रंग त्याच्या पुढे पुढे सरकत होता. मी खुर्चीतून उठलोच. ती पृथ्वीची सावली होती! सूर्य आपल्या क्षितिजाखाली गेला की पृथ्वीची सावली पलीकडच्या हवेवर पडते. तिच्या वरच्या हवेला अजून सूर्य दिसत असतो, लांबच्या प्रवासात तांबडा झालेला. तोच उजेड परत फिरून गुलाबी दिसतो. या किनारीला शुक्राची मेखला म्हणतात. पुस्तकात वाचलेलं होतं, मुलांना कधी सांगितलं नव्हतं. स्वच्छ संध्याकाळी, मोकळ्या क्षितिजावर ती जवळपास रोज दिसते. म्हणजे साठ वर्षं ती माझ्या पाठीमागे उगवत होती.

"आते, काढ आता गॉगल," मी म्हणालो.

तिने काढला. बराच वेळ काही बोलली नाही. मग उजवा डोळा हाताने झाकला, डाव्याने बघितलं. डावा झाकला, उजव्याने बघितलं. असं चार-पाच वेळा. आणि एकदम म्हणाली, "पळय रे, निळें! बाबू, निळें पळय!"

कोकणी ऐकून वहिनी धावत वर आल्या. रागाची की आनंदाची, हे त्यांना खालून कळलं नव्हतं.

माथ्यावरचं आभाळ खरंच गर्द निळं होत चाललं होतं. सूर्य बुडाल्यावरचं हे निळं नुसत्या रॅलेसाहेबांच्या हिशोबाने येत नाही. वरच्या थरातला ओझोन नारिंगी-तांबडे रंग थोडे शोषून घेतो, म्हणून ते टिकतं. ओझोन नसता तर त्या वेळी माथ्यावरचं आभाळ करडं-पिवळट दिसलं असतं, असं हल्बर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं. आतेच्या डाव्या डोळ्याला ते तसंच दिसत होतं. "ह्या डोळ्याने इंदूर, ह्या डोळ्याने मांद्रें," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली.

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग आत यायचा थांबतो. इतकं हळूहळू की आपल्याला पत्ता लागत नाही. क्लोद मोने या थोर फ्रेंच चित्रकाराचंही असंच झालं. मोतीबिंदू वाढत असतानाची त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला सगळं निळं दिसू लागलं आणि तो चक्रावला. आतेच्या पेटीतला माझा हवेचा दाखला हवेचा नव्हताच मुळी, किंवा निदान सगळा नव्हता. प्रकाश सूर्यापासून निघतो, हवेतून गाळला जातो, आणि शेवटची गाळणी आपल्या डोळ्यात असते. तिघांतल्या कोणी काय केलं हे चित्रात वेगळं काढता येत नाही.

मला वाटलं, विषय संपला. आभाळ निर्दोष, डोळा दोषी. मी तसं बोललोही. मास्तरकीची खोड. आतेने मान हलवली. पश्चिमेकडे उजेड आता मंदावला होता. ती सावकाश वळून बसली, डावा डोळा झाकला आणि महूकडच्या क्षितिजावर बोट ठेवलं. तिथे जमिनीलगत एक मातकट तपकिरी थर होता, जाड, गढूळ. त्यात शिरताना मावळतीचा नारिंगी रंग विझल्यासारखा झाला होता.

"हें म्हज्या दोळ्याचें न्हय," आते म्हणाली.

नव्हतंच. इंदूरने २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सलग पहिला नंबर राखला, २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ते पहिलं आलं. रस्त्यावर खरंच कागदाचा कपटा दिसत नाही. पण थंडी सुरू झाली की रात्री जमीन लवकर निवते, गार हवा खाली बसते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकण घालते. मग गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, दिवाळीच्या फटाक्यांची उरलीसुरली राख त्या झाकणाखाली अडकते. झाडूने ती निघत नाही. गोव्यात आपण वेगळं काय करतो? खाणी जोरात होत्या तेव्हा सावर्डे-कुडचड्याकडची झाडं ट्रकांच्या धुळीने तांबडी झालेली आपणही बघितली आहेत. दर्यावरच्या वाऱ्याने आपलं झाकून नेलं, एवढंच.

मंडळी, त्या एका वाक्याने मला बरंच शिकवलं. आते इतकी वर्षं तक्रार करत होती. आम्ही कोणी म्हणालो तिला गोव्याची ओढ आहे, कोणी म्हणालं म्हातारपण, कोणी म्हणालं प्रदूषण. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू. प्रत्येकाने एकच कारण धरलं. आतेने मात्र नवा डोळा मिळाल्याबरोबर आपल्या तक्रारीची वाटणी केली. एवढं माझं, एवढं आभाळाचं. माझं ते मी सोडलं. आभाळाचं ते मात्र सोडणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी विषय काढला. "आते, खोली तयार आहे. कधी येतेस?" आतेभाऊ पेपरात डोकं घालून बसला होता, पण पान उलटत नव्हता. आतेने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दुसरो दोळो जांव दी," ती म्हणाली, "मागीर पळोवया."

मागीर पळोवया. नंतर बघू. दोन्ही डोळ्यांनी बघू, असाही त्याचा अर्थ होतो, हे मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं. पत्र्याच्या पेटीतून तिने मला एक जुनं चित्र दिलं होतं, १९८१ चं. त्यात माथा निळा आणि खाली एक फिकट गुलाबी किनार. म्हणजे तिने ती मेखला तेव्हाच बघितली होती. मग "इथे आभाळ नाही" असं का लिहीत होती? ते तिचं तिलाच ठाऊक. तेव्हा डोळे स्वच्छ होते, हवाही बरी होती. तिसरंच काहीतरी मधे आलं असणार. तेरा वर्षांची सासुरवाशीण आणि घरापासून इतक्या लांब, एवढं मी समजू शकतो.

मी एकटाच परत आलो. पडवीलगतची खोली अजून तशीच आहे, तिथे आम्ही सध्या नारळ ठेवतो. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला जुनसवाड्यावर गेलो आणि दर्याकडे पाठ करून वाळूत बसलो. होडी वर ओढणाऱ्या दोघांनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. माडांच्या वर, डोंगरांच्या माथ्यावर, दमट हवेत जरा पुसट, पण होती. गुलाबी किनार आणि तिच्याखालून वर येणारी सावली. इंदूरला दिसलेली, तीच.

तुम्हीही एकदा बघा. मिरामारला असा, कोलव्याला असा की मांद्र्याला, सूर्य बुडाला रे बुडाला की वळा. पाच-दहा मिनिटंच असते ती. आणि दिसली नाही, तर हवेला बोल लावण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. तपासून झाले आणि तरीही क्षितिज मातकटच दिसलं, तर मात्र गप्प बसू नका.